"रक्तातच आहे" म्हणण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

एखाद्या गवयाचा मुलगा बरा गायला की आपल्याकडे मंडळी मान डोलावून म्हणतात, "अहो, रक्तातच आहे ते!" हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यात विचारण्यासारखे काही आहे असे कोणालाच वाटत नाही. मला मात्र ते गेले वर्षभर खुपते आहे. कारण त्या वाक्याला एक दुसरी बाजू आहे. ज्यांच्या घरात ते नाही त्यांच्या रक्तातही ते नाही, ही ती बाजू. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या आमच्यासारख्या मुलामुलींना ही दुसरी बाजू कोणी न बोलताही ऐकू येते. 'घरचे वातावरण' हे दोन शब्द आपल्या वर्गांतून दिवसाकाठी किती वेळा उच्चारले जातात, ते वाचकांनी एकदा मोजून पाहावे.

गेल्या वर्षी दलित साहित्य शिकताना आमच्या सरांनी १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरविषयी सांगितले, आणि ते नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले होते हेही सांगितले. त्या ओघात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या कवितेचा आणि जॅझ संगीताचा उल्लेख झाला. तास संपला, माझे कुतूहल काही संपले नाही. हल्ली मोबाइलवर सगळे ऐकायला मिळते, ही सोय आमच्या पिढीची. लुई आर्मस्ट्राँगपासून सुरुवात केली आणि ऐकता ऐकता कॅथरीन रसेल या गायिकेपाशी येऊन थांबले. तिच्याविषयी इंग्रजीत जे जे लिहिलेले मिळाले त्यात पहिल्या परिच्छेदातच तिच्या आईवडिलांची नावे असतात. म्हणजे 'रक्तातच आहे' हे वाक्य तिकडेही आहेच! तेव्हा म्हटले, हे रक्त एकदा नीट तपासून पाहावे.

कॅथरीनचा जन्म १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील लुइस रसेल. पियानोवादक आणि वाद्यवृंदाचा प्रमुख. याचा जन्म मात्र अमेरिकेतला नव्हे. मध्य अमेरिकेत पनामा नावाचा चिंचोळा देश आहे, तेथील बोकास देल तोरोजवळच्या एका लहानशा बेटावर १९०२ साली तो जन्मला. त्याचे वडील संगीतशिक्षक होते, आणि हा मूकपटांच्या वेळी पडद्यासमोर बसून पियानो वाजवीत असे. १९१९ साली त्याला लॉटरीत तीन हजार डॉलर मिळाले आणि त्या पैशांवर आई व बहिणीला घेऊन तो अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला आला. हे वाचले तेव्हा मला हसू आवरले नाही. संगीतातला एवढा मोठा वारसा, आणि त्याच्या मुळाशी लॉटरीचे तिकीट! ते तिकीट लागले नसते तर 'रक्तातच आहे' म्हणायला न्यूयॉर्कमध्ये कोणी उभे राहिले असते का?

न्यू ऑर्लिन्सहून तो शिकागोला गेला, किंग ऑलिव्हरच्या वृंदात वाजवू लागला, आणि १९२७ पर्यंत न्यूयॉर्कला येऊन त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९२९ च्या सुमारास हार्लेममधील साराटोगा क्लबात हा वृंद वाजत असे. रेड ॲलन, हिगिनबॉथम, पॉप्स फॉस्टर, पॉल बार्बरिन ही त्यातली माणसे. जॅझचे जाणकार ही नावे आजही आदराने घेतात. पुढे १९३५ साली हा संपूर्ण वृंद लुई आर्मस्ट्राँगच्या पाठीशी उभा राहिला आणि पाटीवर आर्मस्ट्राँगचे नाव लागले. वृंद घडवला एकाने, नाव दुसऱ्याचे. आर्मस्ट्राँगची थोरवी कमी करण्याचा हेतू नाही. तो थोरच होता. परंतु १९४३ पर्यंत त्याच्यामागे बसून जो माणूस वाजवीत राहिला त्याला अमेरिकेतही फार थोडे लोक ओळखतात. त्यानंतर लुइस रसेलने पुन्हा स्वतःचा वृंद काढला. पण महायुद्धानंतर पंधरा-सोळा वादकांचा वृंद पोसणे भल्याभल्यांना जमेना. १९४८ साली त्याने तो कारभार आटोपला. ब्रुकलिनमध्ये लहानसे दुकान टाकले, मुलांना संगीत शिकवले. १९६३ च्या डिसेंबरात तो वारला. कॅथरीन तेव्हा सात वर्षांची होती.

सात वर्षांची! सात वर्षांच्या मुलीला बाप काय शिकवून जाणार? ज्या बापाचा वारसा ती चालवते असे लोक म्हणतात, त्याचा वृंद तिच्या जन्माच्या आठ वर्षे आधीच मोडला होता. तिने पाहिला तो दुकान सांभाळून शिकवण्या करणारा एक वयस्कर माणूस. मग वारसा आला कोठून?

येथे मला तिच्या आईविषयी लिहावेसे वाटते, आणि जरा सविस्तर लिहिणार आहे. कारण जेथे जेथे या घराण्याचा उल्लेख येतो तेथे वडिलांचे नाव आधी आणि आईचे नाव 'शिवाय' म्हणून येते.

कार्लीन रे हिचा जन्म १९२५ सालचा, न्यूयॉर्कचा. सोळाव्या वर्षी तिने ज्युलियर्ड या नामांकित संगीतसंस्थेत प्रवेश मिळवला आणि १९४६ मध्ये संगीतरचना हा विषय घेऊन ती पदवीधर झाली. काळ्या मुलीने त्या काळात ज्युलियर्डमधून पदवी घेणे ही केवढी गोष्ट होती, हे सांगायला नकोच. पण खरी मौज पुढे आहे. एवढी पदवी घेऊन ही बाई गेली कोठे? 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम' नावाच्या मुलींच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायला आणि गायला.

या वृंदाची हकीकत आपल्या महाविद्यालयातील प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात पायनी वुड्स नावाची एक शाळा होती. गरीब काळ्या मुलांसाठी लॉरेन्स जोन्स या शिक्षकाने ती १९०९ साली काढली. शाळेला पैसा लागे. तेव्हा १९३७ च्या सुमारास शाळेतल्याच मुलींचा एक वाद्यवृंद उभा करण्यात आला. मुलींनी गावोगाव जाऊन वाजवायचे आणि मिळेल तो पैसा शाळेला द्यायचा. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली मुले 'कमवा आणि शिका' म्हणून राबली, त्यांची आठवण येथे कोणालाही होईल. फरक इतकाच की या मुलींच्या हातात खोरे-टिकाव नव्हते, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट होते. काळ्या मुलींबरोबर चिनी, मेक्सिकन वंशाच्या मुलीही त्यात होत्या. नावातले 'इंटरनॅशनल' त्यावरून. १९४१ साली मुलींनी शाळेशी काडीमोड घेतला आणि त्या स्वतंत्रपणे वाजवू लागल्या. पुढे गोऱ्या मुलीही येऊन मिळाल्या. मात्र दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या-गोऱ्यांनी एकत्र राहणे कायद्याला मंजूर नव्हते. उपाहारगृहात प्रवेश नाही, लॉजमध्ये खोली नाही. तेव्हा या मुली आपल्या बसमध्येच झोपत, बसमध्येच जेवत. आणि पोलिसांना संशय येऊ नये म्हणून गोऱ्या मुली तोंडाला गडद रंग लावून रंगमंचावर बसत! सगळे जग गोरे होण्यासाठी धडपडत असताना, संगीताच्या पायी काळे होण्याची पाळी यावी, असा प्रसंग मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही. १९४५ साली हा वृंद अमेरिकन सैनिकांसाठी युरोपात वाजवून आला. कार्लीन त्यात आली ती त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे अखेरच्या काळात. दशक संपेपर्यंत वृंद विखुरला.

पुढे कार्लीनने बास गिटार हाती घेतली. हे वाद्य बायकांचे नव्हे असे मानले जाई आणि काम देणारे पुरुषच असत. तिने जे मिळेल ते काम केले. चर्चच्या संगीतात गायली, समूहगायनात गायली, मेरी लू विल्यम्ससारख्या श्रेष्ठ पियानोवादिकेबरोबर गायली. १९५६ साली मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून तिने गायनातील पदव्युत्तर पदवी मिळवली. कॅथरीनचा जन्म त्याच वर्षीचा. पदवी आणि पाळणा एकाच वर्षी! आपल्याकडे 'शिक्षणात खंड पडला' हा शब्दप्रयोग मुलींच्याच बाबतीत का वापरतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

आणि एवढ्या बाईचा स्वतःच्या नावाचा पहिला ध्वनिमुद्रित संग्रह केव्हा निघाला? २०१३ साली. 'व्होकल साइड्स' हे त्याचे नाव. तेव्हा तिचे वय ८८ वर्षांचे. निर्मिती केली ती मुलीने, कॅथरीनने. त्याच वर्षीच्या जुलैत कार्लीन रे वारली. लोक म्हणतात मुलीने आईचा वारसा चालवला. येथे तर आईला तिचा स्वतःचा वारसा मुलीने हातात आणून दिला असे म्हणावे लागेल.

आता खुद्द कॅथरीनकडे वळतो. हिने शिक्षण घेतले ते नाट्याचे, अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये. नंतर वर्षानुवर्षे ती दुसऱ्यांच्या मागे उभी राहून गात होती. स्टीली डॅन, पॉल सायमन, सिंडी लॉपर, डेव्हिड बोवी ही मंडळी पुढे, मागे कॅथरीन. बोवीच्या वृंदात तर ती गाण्याबरोबर की-बोर्ड, गिटार आणि तालवाद्येही सांभाळत असे. प्रकाश पुढच्यावर, घाम सर्वांचा. तिचा स्वतःचा पहिला संग्रह, 'कॅट', निघाला २००६ साली. तेव्हा ती पन्नाशीला टेकलेली होती. आम्ही मुले विसाव्या वर्षी 'आता आपले काय होणार' म्हणून हवालदिल होतो, त्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा.

त्यानंतर एकामागून एक संग्रह निघाले. 'बोर्डवॉक एम्पायर' या दूरचित्रवाणी मालिकेत तिने 'क्रेझी ब्लूज' हे गाणे गायले. हे गाणे मुळात १९२० साली मॅमी स्मिथने गायलेले; काळ्या गायिकेने गायलेली ब्लूजची पहिली तबकडी म्हणून इतिहासात त्याचे स्थान आहे. त्या मालिकेच्या संगीताला २०१२ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. 'हार्लेम ऑन माय माइंड' (२०१६) आणि 'अलोन टुगेदर' (२०१९) या तिच्या संग्रहांना ग्रॅमीची नामांकनेही मिळाली. पारितोषिकांचे फार कौतुक करण्याची मला गरज वाटत नाही. तिचे गाणे ऐकल्यावर मला जाणवले ते दुसरेच. शब्द इतके स्वच्छ उच्चारते की माझ्यासारख्या, इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन झोपणाऱ्या मुलीलाही पहिल्या ऐकण्यात निम्मे गाणे कळावे. आवाजाला दाणा आहे. दुःखाच्या गाण्यात रडत नाही, आणि खट्याळ गाण्यात डोळा मारावा तसा एखादा शब्द किंचित उशिरा टाकते. तो उशीर शिकवता येत नाही असे म्हणतात. मला ते पटत नाही. पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या पाठीशी उभे राहून, कोणी कोठे श्वास घेतो हे पाहिल्याशिवाय तो उशीर येत नसावा.

कोणी म्हणेल, ही बाई शंभर वर्षांपूर्वीची गाणी गाते. यात नवे ते काय? जुन्या दागिन्यांना झिलई देण्याचाच हा उद्योग. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जॅझ हे मुळात त्या क्षणी काही नवे घडवण्याचे संगीत. ते काचेच्या कपाटात गेले तर त्याचे मरण ओढवते. पण कॅथरीन गाणी निवडते कशी ते पाहावे. सर्वांच्या तोंडी असलेली गाणी ती गातेच, त्याबरोबर ज्यांच्यावर धूळ बसली आहे अशीही शोधून काढते. २०१४ च्या 'ब्रिंग इट बॅक' या संग्रहात 'ल्युसिल' ही तिच्या वडिलांची रचना आहे. आणि २०२३ साली 'ॲट द स्विंग कॅट्स बॉल' या नावाने लुइस रसेलच्या वृंदाची, आर्मस्ट्राँग त्यात होता तेव्हाची, जुनी ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. ती कोठून आली? घरातल्या कपाटातून. लुइस रसेलने जपून ठेवलेल्या तबकड्या त्याच्यामागे पत्नीने जपल्या, तिच्यानंतर मुलीने. साठ-साठ, सत्तर-सत्तर वर्षे! घर बदलताना अडगळ म्हणून कोणी त्या रद्दीवाल्याला दिल्या असत्या तर?

वाचकहो, माझे म्हणणे आता या तबकड्यांपाशी येऊन ठेपते. कॅथरीन रसेलला फायदा मिळाला नाही असे मी म्हणत नाही. दोन्ही पालक संगीतकार, शहर न्यूयॉर्क, घरात वाद्ये, तबकड्या, लिहिलेले स्वर, आईची बास गिटार, आणि काम संपवून रात्री परतणारी आई. हा फायदाच होय, आणि मोठा. मात्र तो रक्ताचा फायदा नव्हे. त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. तबकडी, कागद, वाद्य, सराव, आणि 'हे काम आपल्यासारख्यांनीच करायचे असते' ही लहानपणीच मिळालेली निर्भयता, अशी त्याची खरी नावे आहेत. हा शब्दांचा खेळ नाही. रक्त असेल तर कोणी काही करू शकत नाही. ते ज्याचे त्याला मिळाले, विषय संपला. तबकड्या, कागद आणि सराव असतील तर मात्र ते ज्याच्या घरी नाहीत त्याला ग्रंथालय देऊ शकते, शाळा देऊ शकते, महाविद्यालय देऊ शकते. पायनी वुड्सच्या गरीब शाळेने मुलींच्या हातात वाद्ये दिली आणि चार वर्षांत त्या मुली कोणाच्या रक्तात काय आहे याची पर्वा न करता देशभर वाजवू लागल्या. 'रक्तातच आहे' असे म्हणताना आपण, कळत असो वा नसो, देण्याची जबाबदारी अंगावरून झटकून टाकत असतो.

या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी एक माहिती. आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट मुंबईतही घुमला होता, आणि तो वाजवणारा माणूस गोव्यातील हळदोणे गावचा. अँतोनियो शाव्हियेर वाझ हे त्याचे नाव. १९१६ सालचा जन्म. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत, आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूनही ओळखत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा वृंद वाजे. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाला सी. रामचंद्र यांचे संगीत आहे, नायक भगवान. त्यातल्या पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्यांत चिक चॉकलेटचा हात आहे आणि पडद्यावर त्याचा वृंदही दिसतो. आमच्या घरी 'अलबेला'तली गाणी सर्वांना पाठ. त्यांतला ट्रम्पेट कोणाचा हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. गोव्याच्या या वादकांना चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवीत. त्या विद्येवर मुंबईचे चित्रपटसंगीत कित्येक वर्षे उभे राहिले, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे फारशी आली नाहीत. नरेश फर्नांडिस यांनी इंग्रजीत यावर एक सुंदर ग्रंथ लिहिला आहे. चिक चॉकलेट १९६७ साली वारला. त्याची मुलगी इव्होन हीसुद्धा जॅझ गायिका झाली आणि सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांची पत्नी. म्हणजे कॅथरीन रसेलची गोष्ट आपल्या दारातही घडलेली आहे. आपण ती मराठीत लिहून ठेवली नाही एवढेच.

आता थोडे घरचे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. त्यांचे वडीलही वाजवीत. त्याआधीची पिढी सनई-हलगीची. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझचे मूळ लष्करी बँडच्या वाद्यांत आणि मिरवणुकींत, अंत्ययात्रांत वाजणाऱ्या बँडमध्ये आहे असे वाचले तेव्हा मी अण्णांना सांगितले, "अण्णा, तुमचं आणि त्यांचं वाद्य एकाच कोठारातलं." आपल्याकडेही ही वाद्ये गोऱ्या पलटणींबरोबरच आली. अण्णा म्हणाले, "त्यांचा बँड हॉलमधी गेला, आमचा वरातीतच ऱ्हायला." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

डॉल्बी आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्या. पूर्वी वीस माणसांचा बँड होता तो आता नऊ जणांवर आला आहे. १९४८ साली लुइस रसेलने दुकान का टाकले असेल, हे मला इतिहासाच्या पुस्तकातून कळून घ्यावे लागले नाही. आमच्या बँडमधल्या युफोनियमवाल्या काकांनी गेल्या दिवाळीपासून रिक्षा घेतली आहे.

येथे वारशाचे दुसरे टोक येते, आणि त्याच्याविषयी गप्प राहून चालणार नाही. कॅथरीनने आईवडिलांचे संगीत पन्नासाव्या वर्षी स्वतःच्या मर्जीने उचलले. ती नटी झाली असती तरी तिला कोणी अडवले नसते. आपल्याकडे मात्र हलगी कोणी वाजवायची, सनई कोणी फुंकायची आणि वाजवणाऱ्याने वाड्याच्या कोणत्या पायरीपर्यंत यायचे, हे जन्माने ठरलेले असे. तेथे 'वारसा' हा शब्द गोड लागत नाही. तो जोखडासारखा लागतो. डॉ. आंबेडकरांनी गावकीची कामे सोडा म्हणून सांगितले, आणि ज्यांनी ती वाद्ये भिंतीवरून उतरवून टाकली त्यांनी संगीताचा अपमान केला असे मी कधीही म्हणणार नाही. त्यांनी माणूसपणाचा मान राखला. म्हणूनच, परंपरा लोप पावत चालली म्हणून व्यासपीठावरून जे वक्ते गळा काढतात, त्यांना माझा एक साधा प्रश्न आहे. तुमचा मुलगा या बँडमध्ये यायला तयार आहे का? नसेल तर माझ्या भावाने यावे असा आग्रह कशासाठी?

अण्णांनी आम्हा दोघांनाही वाद्याला हात लावू दिला नाही. "वही धर," एवढेच म्हणत. त्यांचे ते बरोबरच होते असे मला आजही वाटते. पण वही धरलेल्या मुलीने त्या वहीत काय लिहायचे? अण्णांना दोनशेच्या वर चाली पाठ आहेत. हळदीच्या वेगळ्या, वरातीच्या वेगळ्या, मुलीची पाठवणी करतानाच्या वेगळ्या. जुन्या नाटकातली पदे त्यांच्या वडिलांनी ऐकून ऐकून क्लॅरोनेटवर बसवली, त्यात आपल्या पदरच्या जागा घातल्या. त्या जागा कोणत्याही पुस्तकात नाहीत. ना तबकडी, ना कागद. कार्लीन रेकडे निदान कपाट होते. आमच्या चाली अण्णांच्या छातीत आहेत, आणि थंडीच्या दिवसांत त्यांना आता दम लागतो.

वाद्य न उचलताही वारसा राखता येतो का? मला वाटते, येतो. कॅथरीनचे गाणे मोठे आहेच, पण ८८ वर्षांच्या आईला ध्वनिमुद्रणाला बसवणारी कॅथरीन मला अधिक जवळची वाटते. ते काम गळा नसलेल्यालाही करता येते. आपल्या महाविद्यालयाच्या आसपास वीस मैलांत किती बँड आहेत, त्यांचे मास्तर कोण, ते काय वाजवीत, कोणाकडून शिकले, याची नोंद आपल्या ग्रंथालयात एका ओळीचीही नाही. संतांच्या अभंगांवर प्रबंध आहेत, लावणीवर आहेत. वरातीत वाजणाऱ्या माणसांवर नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. त्यातले ध्वनिमुद्रणाचे यंत्र आपण फक्त परीक्षेच्या तोंडावर व्याख्याने टिपायला वापरतो.

पुढच्या वर्षी आम्हाला प्रकल्प लिहावा लागणार आहे. विषय आधी सुचवायचा असतो. मी 'परिसरातील लग्नाचे बँड आणि त्यांच्या चाली' असा विषय लिहून दिला आहे. विभागातल्या एका सरांनी विचारले, हा मराठीचा विषय होतो का? मॅडम म्हणाल्या, चालींना शब्द असतील तर होईल. कितीतरी चालींना शब्द आहेत आणि कितीतरींना नाहीत. त्या बिनशब्दांच्या चालींचे काय करायचे याविषयी बैठक व्हायची आहे. दरम्यान तीस चाली ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. अण्णा पहिल्यांदा लाजले. आता प्रत्येक चालीआधी स्वतःच नाव, गाव आणि कोणाकडून शिकलो ते सांगतात.